जुना रुग्ण फोनवर, नवा रुग्ण ओपीडीत

दुखणं मोठं असलं की परळ गाठायचं, ही ठाणेकरांची जुनी सवय. केईएम १९२६ पासून तिथे आहे, टाटा १९४१ पासून. कळव्याला महापालिकेचं रुग्णालय झालं, वाशीलाही झालं, तरी परळची वाट सुटली नाही. या वाटेवरची सगळ्यात जाचक फेरी रिपोर्ट दाखवायची. सुट्टी टाकायची, लोकलच्या गर्दीत फाईल छातीशी धरायची, केसपेपर काढून रांगेत बसायचं आणि डॉक्टरांनी म्हणायचं, 'तीच गोळी चालू ठेवा.' सोबत म्हातारी आई असेल तर घरातल्या दोघांचा दिवस जायचा.

गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांना हे फोनवर विचारायची पद्धत आधीपासून होतीच, पण तिला कायद्याचा आधार नव्हता. त्यात २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रकरणात, रुग्ण दगावल्यानंतर, न तपासता फोनवरून औषध सांगणाऱ्या डॉक्टरांना मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. साहजिकच अनेक डॉक्टर फोनवर औषध सांगायला बिचकू लागले.

चित्र पालटलं ते २५ मार्च २०२० ला. टाळेबंदीचा पहिला दिवस. लोकल दोन दिवस आधीच थांबलेली. त्याच दिवशी केंद्राने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. १३ एप्रिलला ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेची ओपीडी सुरू झाली आणि सरकारी डॉक्टर घरबसल्या फुकट भेटू लागले.

या तत्त्वांमधली एक बारीक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. त्याच दुखण्यासाठी त्याच डॉक्टरांनी सहा महिन्यांत प्रत्यक्ष पाहिलेला रुग्ण हा 'फेरतपासणी'चा रुग्ण. त्याला फोनवरून जास्त औषधं लिहून देता येतात. नव्या रुग्णाला मोजकीच, आणि त्यातलीही बरीचशी व्हिडिओवर पाहिल्याशिवाय नाहीत. झोपेच्या नि गुंगीच्या काही औषधांना तर पूर्ण मनाई. म्हणजे ऑनलाइन सेवेने दवाखान्याची जागा घ्यावी, असं नियम करणाऱ्यांच्याही मनात नव्हतं. वाचवायची होती ती दुसरी, तिसरी, चौथी फेरी.

लोकांनीही आपल्या परीने तेच केलं. ऐरोलीहून किंवा घोडबंदरहून निव्वळ रिपोर्ट दाखवायला कोण जाईल? पण नवं दुखणं असलं की आजही आपण विचारतो, 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे ना?' हा हात स्क्रीनमधून पोचत नाही. स्तनातली गाठ बोटांनाच लागते, पोट दाबूनच कळतं, मधुमेह्याच्या तळव्याची संवेदना स्पर्श करूनच तपासावी लागते. मला काळजी वाटते ती इथेच. छातीत कळ आल्यावरही 'आधी ऑनलाइन विचारू' म्हणत जो तास जातो, तो सगळ्यात मोलाचा असतो.

आणि फेरतपासणीचे सहा महिने उलटले की फोनवरचा जुना रुग्णही नियमाने पुन्हा नवा ठरतो.