डिझेल गाडीचा टर्बो बदलताना: वेस्टगेट की व्हीजीटी?

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर गाडीची ओढ एकाएकी नाहीशी होते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. कडेला थांबून गाडी बंद करून पुन्हा चालू केली, की ती काही झालेच नाही अशी चालू लागते. गॅरेजमध्ये हे वर्णन ऐकताच बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, ‘टर्बो गेला’, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग निकामी झाला. नवा टर्बो मागवायचे ठरले, की दुकानदार विचारतो, ‘साधा की व्हीजीटी (व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो)?’ या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या मालकाला ठाऊक असणे अत्यंत गरजेचे आहे, कारण बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या या दोन टर्बोंवर नियंत्रण ठेवण्याची तत्त्वे जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत.

गोंधळ कसा होतो हे समजण्यासाठी फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाइतके चांगले उदाहरण नाही. हे १२४८ सीसीचे इंजिन आपल्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या अनेक गाड्यांत आले. मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये ते ७५ पीएस शक्तीचे होते आणि त्याला वेस्टगेटचा, म्हणजे बोलीत ‘साधा’, टर्बो होता. त्याचा १९० एनएमचा (न्यूटन-मीटरचा) कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, इंजिनाच्या मिनिटाला २००० फेऱ्यांना मिळे. एसएक्स४, एर्टिगा आणि सियाझ या गाड्यांत तेच इंजिन व्हीजीटीसह ९० पीएसचे झाले आणि २०० एनएम टॉर्क १७५० फेऱ्यांनाच मिळू लागला. टाटांच्या व्हिस्टामध्ये तर एकाच नावाच्या गाडीत ७५ आणि ९० पीएस असे दोन्ही प्रकार विकले गेले. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे रस्त्यावरच्या या सर्व गाड्या आता टर्बो बदलण्याच्या वयाला आल्या आहेत, आणि ‘इंजिन तेच, मग टर्बोही तोच’ असे गृहीत धरण्याची चूक याच गाड्यांच्या बाबतीत सर्वांत सहज होते.

टर्बोचे मूळ काम दोन्हीकडे एकच आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू टर्बाइनचे चाक फिरवतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे कॉम्प्रेसरचे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते, आणि लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्याही पुढे जाऊ शकतो. अडचण अशी की कमी फेऱ्यांवर एक्झॉस्ट वायू थोडा असतो आणि जास्त फेऱ्यांवर तो गरजेपेक्षा अधिक होतो. टर्बाइनकडे जाणारी वाट अरुंद ठेवली तर खालच्या फेऱ्यांवर पिकअप चांगला मिळतो, पण वर इंजिन गुदमरते. वाट रुंद ठेवली तर वर श्वास मोकळा राहतो, पण चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलत नाही.

वेस्टगेटच्या टर्बोमध्ये ही वाट कायमची अरुंद ठेवलेली असते आणि वायू फार झाला की टर्बाइनच्या बाजूने एक छोटी झडप उघडून जादा वायू चाकाला न लागता थेट सायलेन्सरकडे सोडला जातो. व्हीजीटीमध्ये अशी चोरवाट बहुधा नसतेच. तेथे टर्बाइनच्या चाकाभोवती छोट्या पात्यांचे एक कडे असते, आणि त्या सर्व पात्या एकदम वळून वायूची वाट अरुंद किंवा रुंद करतात. उसाला पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की तेच पाणी जोराने लांब जाते, हे सांगली-साताऱ्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. पात्या मिटतात तेव्हा नेमके हेच घडते. मात्र अंगठा दाबून धरला की पाइपमध्ये मागे दाब वाढतो, हेही तितकेच खरे आहे. पात्या मिटलेल्या अवस्थेत अडकल्या आणि इंजिनाच्या फेऱ्या वाढत गेल्या, तर हवेचा दाब मर्यादेबाहेर जातो, ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक, इंजिनाला वाचवण्यासाठी डिझेल कमी करतो आणि गाडीची ओढ जाते. खंबाटकीच्या चढावरचा तो प्रसंग पुष्कळदा असाच घडलेला असतो, आणि त्यात टर्बोचा शाफ्ट, बेअरिंग व चाके पूर्णपणे निर्दोष असू शकतात.

आता सर्वांत फसव्या भागाकडे वळतो. दोन्ही टर्बोंना बाहेरून एक गोल डबी आणि तिच्यातून निघणारी बारीक दांडी दिसते. वेस्टगेटच्या पारंपरिक डबीला दाबाची हवा मिळते. दाब वाढला की दांडी बाहेर ढकलली जाऊन झडप उघडते. व्हीजीटीच्या अशा डबीला उलट व्हॅक्यूम, म्हणजे हवा शोषून घेणारी ओढ, मिळते. ती दांडी आत ओढून पात्या मिटवते. म्हणून डबीची रबरी नळी फाटली तर दोन गाड्यांत उलट परिणाम होतो. वेस्टगेटच्या गाडीत झडप उघडतच नाही आणि दाब धोकादायक रीतीने वाढतो, तर व्हीजीटीच्या गाडीत पात्या उघड्याच राहतात, खालचा पिकअप नाहीसा होतो आणि काळा धूर येतो. नळी एकच, मोडण्याची रीत एकच, पण लक्षण भिन्न. हा भेद ज्या मिस्त्रीच्या ध्यानात आहे, तो निदानात सहसा चुकत नाही असे माझे मत आहे.

आपल्या गाडीत कोणता टर्बो आहे हे ओळखण्यासाठीही हीच डबी उपयोगी पडते. इंजिन थंड असताना एकाने दांडीकडे पाहत राहावे आणि दुसऱ्याने गाडी चालू करावी. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीची दांडी इंजिन चालू होताच आत ओढली जाते आणि इंजिन बंद केल्यावर परत येते; साध्या वेस्टगेटची दांडी संथ फेऱ्यांवर जागची हलत नाही. गोल डबीऐवजी वायरचा सॉकेट असलेली चौकोनी पेटी दिसली, तर अ‍ॅक्चुएटर, म्हणजे दांडी हलवणारा भाग, विजेवर चालणारा आहे आणि दांडीची ही चाचणी तेथे पुरेशी नाही. शेवटचा शब्द मात्र टर्बोवरच्या धातूच्या पट्टीवरील पार्ट नंबरचा. नवा टर्बो मागवताना गाडीचे नाव आणि वर्ष सांगून थांबू नये, त्या पट्टीचा स्वच्छ फोटो दुकानदाराला द्यावा.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे उंची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. साधी वेस्टगेट डबी बाहेरच्या हवेच्या तुलनेतला दाब मोजते, त्यामुळे पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचेपर्यंत इंजिनाला मिळणारा एकूण दाब थोडा घटलेला असतो. व्हीजीटीला ईसीयूचा आदेश असतो आणि तो पात्या किंचित अधिक मिटवून ही घट भरून काढू शकतो. वाई ते महाबळेश्वर रोज प्रवासी नेणाऱ्याला हा फरक पायाखाली जाणवतो. सांगली ते मिरज या सपाट रस्त्यावर तो जाणवणार नाही. उलट, शहरातल्या कमी अंतराच्या संथ प्रवासांत काजळी साचून पात्या अडकण्याची शक्यता अधिक असते, म्हणून व्हीजीटी गाडी केवळ बाजारपेठेत फिरवणाऱ्याने तिला अधूनमधून हायवेवर भार देऊन चालवणे हिताचे आहे.

तर मग ‘व्हीजीटी महाग आहे, सारखा अडकतो, त्याऐवजी साधा टर्बो बसवून द्या’ ही मागणी योग्य आहे का? माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. ईसीयू पात्यांना आदेश देत राहील, अपेक्षित दाब मिळाला नाही की दोष नोंदवील आणि इंजिनाची शक्ती कमी करील. शिवाय पात्यांमुळे मागे जो दाब तयार होतो, त्याच्या आधारे ईजीआर झडपेतून काही एक्झॉस्ट वायू परत इंजिनात फिरवला जातो. तो हिशेबही बिघडतो. उलट बाजूने, ७५ पीएसच्या गाडीला व्हीजीटी बसवून ९० पीएस मिळतील ही समजूतही चुकीची आहे, कारण त्या गाडीत पात्यांना आदेश देणारी व्यवस्थाच नसते. साधा टर्बो हा व्हीजीटीचा स्वस्त अवतार नव्हे. त्यात हलणारे भाग कमी असतात आणि काजळी तो पुष्कळ सहन करतो.

उष्णतेचाही येथे संबंध आहे. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलच्या मानाने थंड असतो, म्हणून या नाजूक पात्या तेथे टिकतात. पेट्रोल गाड्यांत त्या वापरण्यासाठी २००६ च्या पोर्शे ९११ टर्बोमध्ये विशेष उष्णतारोधक मिश्रधातूंचा आधार घ्यावा लागला. पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या रोटरी इंजिनाचा एक्झॉस्ट तर अतिशय उष्ण असतो. माझदाने १९९१ च्या अखेरीस आलेल्या आरएक्स-७ या रोटरी इंजिनाच्या गाडीत कमी आणि जास्त फेऱ्यांचा हाच प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला: खालच्या फेऱ्यांवर एक टर्बो, आणि सुमारे ४५०० फेऱ्यांपासून त्याच्या जोडीला दुसरा.

दुरुस्तीचा पर्यायही दोन्हीकडे सारखा नाही. वेस्टगेटच्या टर्बोचा मधला कोअर, म्हणजे शाफ्ट, बेअरिंग व चाकांचा संच, बदलून तो पुन्हा वापरता येतो, फक्त कोअर यंत्रावर बॅलन्स केलेला असावा. व्हीजीटीत कोअरबरोबर पात्यांचे कडेही जागेवर बसवावे लागते, आणि पात्या कमाल किती मिटतील हे ठरवणारा स्क्रू कारखान्यात वायूचा प्रवाह मोजून बसवलेला असतो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या लेथ कारागिरांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण हा स्क्रू नजरेने किंवा हाताच्या अंदाजाने लावण्याचा नाही. त्याला हात लावलेला टर्बो फ्लो बेंचवर, म्हणजे वायूचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून मिळत नसेल, तर स्वीकारू नये.

माझ्या चुलतभावाच्या व्हीजीटी गाडीला दोन वर्षांपूर्वी पूर्ण नवा टर्बो बसवण्यात आला आणि आठवड्याभरात तीच तक्रार परत आली. दुसऱ्या एका मिस्त्रीने व्हॅक्यूम पंपापासून डबीपर्यंतची नळी हाताने चाचपून पाहिली, तेव्हा ती एका क्लिपखाली चिरलेली सापडली. जुन्या टर्बोत दोष असल्याचा काहीच पुरावा नव्हता आणि तो परतही मिळाला नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की टर्बो उतरवण्याआधी नळ्या, व्हॅक्यूम आणि डबी तपासून घ्यावी आणि शाफ्टला हात लावून पाहावा. शाफ्ट पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा चाकाच्या कडा घरावर घासलेल्या दिसत असतील, तरच टर्बो खरोखर गेला असे समजावे.

आणि तो खरोखर गेला असेल, तर का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. दोन्ही प्रकारांत बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगते, म्हणून कार्बनने अरुंद झालेली ऑइलची नळी नव्या टर्बोलाही थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. ती नळी बदलावी, ऑइल आणि फिल्टर नवे घालावे, टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये साचलेले जुने ऑइल आणि धातूचे तुकडे धुऊन काढावेत, ऑइलच्या परतीच्या नळीच्या जोडावर सिलिकॉन लावू नये, कारण त्याचा सुटलेला कण ऑइलची वाट अडवतो. टर्बोत ऑइल येण्याच्या तोंडात थोडे स्वच्छ ऑइल ओतून चाक बोटाने फिरवावे, मग इंजिन सुरू होऊ न देता काही सेकंद स्टार्टर फिरवावा, म्हणजे इंजिन सुरू होण्याआधी बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलेले असेल. विजेवर चालणारा अ‍ॅक्चुएटर असेल तर स्कॅनर जोडून त्याच्या हालचालीची दोन्ही टोके ईसीयूला शिकवून घ्यावी आणि मगच गाडी चढावर न्यावी.