ईआर-पीआर चाचणी आली कुठून?

स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टात ईआर आणि पीआर यांच्यापुढे टक्केवारी लिहिलेली असते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना पेशीत धरून ठेवणाऱ्या रिसेप्टरची ही मोजणी. तिच्यामागचा प्रश्न मात्र चाचणीहून खूप जुना आहे.

१८९६ मध्ये ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी इस्ट्रोजेन बनवणारे बीजांडकोश काढल्यावर स्तनातली गाठ ओसरल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. पण पुढच्या अनुभवात गुण यायचा तो साधारण तिघींपैकी एकीलाच. उरलेल्या दोघींनी पोट उघडून घेतलं ते फुकटच. ती एक कोण, हे आधी ओळखायला कित्येक दशकं काही साधन नव्हतं.

वाट सापडली शिकागोत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एलवुड जेन्सन यांनी ट्रिशियम हा किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) उंदरांना टोचलं. ते गर्भाशयात टिकून राहिलं, स्नायूंतून निघून गेलं. म्हणजे गर्भाशयात त्याला पकडणारं काहीतरी होतं. १९७१ पर्यंत जेन्सन यांनी दाखवलं, की ज्या गाठीत रिसेप्टर नाही, तिथे संप्रेरकग्रंथी काढून क्वचितच फायदा होतो.

सुरुवातीची मोजणी मोठी खटपटीची. ताजा तुकडा लगेच गोठवायचा, दळायचा, त्यात किरणोत्सारी संप्रेरक घालायचं, न चिकटलेलं कोळशाच्या भुकटीने शोषून घ्यायचं आणि उरलेलं मोजायचं. उत्तर फेम्टोमोल या अतिसूक्ष्म मापात, एक मिलिग्रॅम प्रथिनामागे १० हा अनेक ठिकाणचा उंबरठा. छोट्या गाठीला हे परवडायचं नाही, शिवाय निरोगी पेशीही त्यातच दळल्या जायच्या. पाळी चालू असलेल्या बाईत तिचंच इस्ट्रोजेन रिसेप्टर अडवून बसे आणि आकडा कमी येई. तरी १९७७ मध्ये इस्ट्रोजेनला रिसेप्टरवर अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेव्हा हाच आकडा कामाला आला.

१९८० मध्ये जेफ्री ग्रीन आणि जेन्सन यांनी रिसेप्टरविरुद्ध मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे नेमक्या त्यालाच चिकटणारी एकसारखी प्रथिनं, तयार केल्या. पुढे मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेल्या तुकड्यावरही काम होऊ लागलं: पेशीकेंद्रक तपकिरी रंगलं की पॉझिटिव्ह. कोणत्या पेशी रंगल्या हे आता दिसू लागलं, पण मोजणी यंत्राकडून डोळ्याकडे आली. २०१० च्या अमेरिकी निकषांनी १ टक्का रंगलेल्या पेशीही पुरेशा मानल्या. २०२० मध्ये ईआरच्या १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं नाव मिळालं.

खरी गोची फॉर्मालिनची, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावाची. तुकडा त्यात उशिरा पडला किंवा कमी वेळ राहिला, तर असलेला रिसेप्टरही दिसत नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये शेकडो रुग्णांचे निकाल चुकल्याचं २००५ पासून उघडकीला आलं आणि चौकशी आयोग नेमावा लागला. म्हणून आता तासाभरात फॉर्मालिन, त्यात ६ ते ७२ तास, आणि दोन्ही वेळांची लेखी नोंद असा दंडक आहे.