कोल्हापूर ते लंडन: अंतर तेच, तास वेगळे

पोरगं लंडनला शिकायला निघालं की घरात पहिला प्रश्न, ‘विमानाला किती तास लागतात?’ साडेनऊ-दहा, असं उत्तर मिळतं. ते मुंबईपासूनचं. मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. कोल्हापूर ते मुंबई हवेतून जेमतेम ३१०, पण रेल्वे मिरज, सातारा, पुणे करत पाचशेच्या वर किलोमीटर धावते. महालक्ष्मी एक्स्प्रेसला साधारण अकरा तास लागतात. म्हणजे लंडनपेक्षा मुंबईच लांब!

कोल्हापूरकरांना ही वाट नवी नाही. छत्रपती राजाराम महाराज (पहिले) १८७० मध्ये इंग्लंडला गेले, तेव्हा कोल्हापुरात रेल्वेही नव्हती. ती १८९१ मध्ये आली. परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथली स्मारकाची छत्री आजही उभी आहे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज लंडनला गेले, तेही बोटीनंच.

कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, तो शाहूपुत्र राजाराम महाराजांनी उभारलेला. दोन राजारामांत हमखास गल्लत होते, म्हणून सांगितलं.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. पंख्याचं कॉन्स्टेलेशन विमान, वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबे. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आलं आणि तास झपाट्यानं कमी झाले.

तरीही जाताना आणि येताना वेळ सारखी लागत नाही. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. साहजिकच येताना तासभर तरी वाचतो.

दुसरी गंमत नकाशाची. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराणचं आखात, सीरिया अशी जाते. पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यात दोरा ताणून बघा: तो कराचीवरून, तिबिलिसीजवळून, युक्रेनवरून जातो. सगळ्यात जवळची वाट हीच, आणि ७,२०० चा आकडाही याच दोऱ्याचा. पण या वाटेवर विमान जाईलच असं नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपल्या हद्दीत मज्जाव केला. मग अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो, इंधन जास्त लागतं आणि वेळही.

तिकिटावरचे तास मोजतात ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. मुंबईला तीन तास आधी पोचणं त्यात धरलेलं नसतं, आणि गावाकडची वाट तर नाहीच. उजळाईवाडीची नियमित विमानसेवा २०११ नंतर बंद पडली होती. छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी ‘उडान’ योजनेत २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. आता वेळा जुळल्या तर मुंबईपर्यंतचे अकरा तास साधारण एकावर येतात. न जुळल्या, तर महालक्ष्मी आहेच.