आरओचा मेम्ब्रेन दरवर्षी बदलावाच लागतो?

वर्ष झालं की मेम्ब्रेन (आरओ प्युरिफायरमधला क्षार अडवणारा पडदा) बदलायचाच, हा समज चुकीचा आहे. तारीख नव्हे, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर बघा. नळाचं पाणी ५०० आणि शुद्ध पाणी ५० असेल, तर मेम्ब्रेन ९० टक्के क्षार अडवतोय, म्हणजे ठणठणीत आहे. हे अडवण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली घसरलं की बदला. मात्र मोजायचं शुद्ध पाणी थेट मेम्ब्रेनच्या नळीतून घ्या. टीडीएस अ‍ॅडजस्टर पुढे मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी मिसळतो, आणि त्या आकड्यावरून चांगले मेम्ब्रेन फेकले जातात. वेळेवर बदलायचा तो क्लोरीन अडवणारा कार्बन फिल्टर! तो संपला की क्लोरीन मेम्ब्रेनचा पातळ थर कायमचा खराब करतं. नवा मेम्ब्रेन बसवताना टोकाच्या ओ-रिंग (रबरी कड्या) चिरल्या, तर टीडीएस चढाच राहतो. नव्या मेम्ब्रेनची पहिली टाकी ओतून द्या.