बरणीत कोण: गप्पी की गंबुशिया?

पावसाळा लागला की पुण्यात गप्पी माशांची आठवण निघते. सोसायटीचं कारंजं, वाड्यातली जुनी विहीर, गच्चीवरचं उघडं पिंप, कुठेही डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या की कोणीतरी म्हणतंच, "गप्पी सोडा की!" आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला एका विद्यार्थिनीने कोथरूडच्या एका हौदातून असेच मासे आणले होते. बरणीवर चिठ्ठी: 'गप्पी, २२ नग'. भिंगाखाली त्यातले नऊच गप्पी निघाले. उरलेले तेरा गंबुशिया.

चूक तिची एकटीची नाही. दोन्ही मासे एकाच कुळातले, दोघांचं तोंड वर वळलेलं, दोघंही पाण्याच्या पृष्ठभागाशी घुटमळतात, अळ्या मटकावतात आणि अंडी न घालता थेट पिल्लं देतात. नरांचा प्रश्न चटकन सुटतो. गप्पीचा नर जेमतेम तीन सेंटिमीटरचा, पण अंगावर नारिंगी, निळे, काळे डाग, आणि एकाची नक्षी दुसऱ्याला नाही. गंबुशियाचा नर आपला राखाडी. गुदपर, म्हणजे पोटाखालचा मागचा पर, लांबून काडीसारखा झालेला असतो तो मात्र दोघांच्याही नरांत, त्यामुळे 'काडी दिसली म्हणजे गप्पी' हे जर्नलमध्ये दरवर्षी कोणीतरी लिहितं ते चूक.

खरी परीक्षा माद्यांची. दोघी मळकट करड्या, दोघींच्या पोटाशी काळसर डाग. मादीला अरुंद काचेच्या टाकीत घ्या, थोडी स्थिर होऊ द्या आणि उजेडाच्या विरुद्ध धरून आधी शेपूट बघा. गंबुशियाच्या शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या आडव्या-तिरप्या ओळी असतात, पेन्सिलचं टोक टेकवत गेल्यासारख्या. पाठीवरच्या परावरही तेच. साध्या गप्पी मादीची शेपूट काचेसारखी निर्मळ. दुकानातल्या शोभेच्या गप्पी माद्यांची शेपूट मात्र रंगीतही असते, म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. पाठीवरचा पर कुठे सुरू होतो ते बघा: गंबुशियात तो गुदपराच्या सुरुवातीपेक्षा बराच मागे असतो, गप्पी मादीत जवळपास त्याच्या वरच. तिसरी खूण डोळ्याखालची. गंबुशियाला तिथे बहुधा काळा ओघळ दिसतो, काजळ उतरल्यासारखा. घाबरलेल्या माशात तो फिकट होतो, तेव्हा पाच मिनिटं थांबावं.

हे सगळं जिवंत माशावर करा. नमुने टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये नारिंगी रंग उडतो आणि गप्पीचा नरही केविलवाणा दिसतो. काळे ठिपके तेवढे टिकतात.

एवढा कीस कशासाठी? गप्पी मूळ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा, गंबुशिया उत्तर अमेरिकेतला. तो भारतात १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची नोंद केली तेव्हा मुळा-मुठेत यातला एकही नव्हता. गप्पी घाण पाण्यात, अगदी गटारातही तग धरतो, पण थंडी त्याला फारशी सोसत नाही. गंबुशिया थंडी जास्त सोसतो आणि स्वभावाने भांडखोर: दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो, त्यांची अंडी-पिल्लं आणि बेडकांची पिल्लंही खातो. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. गप्पी त्या मानाने मवाळ म्हणायचा, पण नदीत सोडायच्या लायकीचा तोही नाही. बंद हौद ठीक. ओढ्याला जोडलेल्या पाण्यात दोघंही नकोत. त्या ओढ्यात रासबोरासारखे आपले मासे अळ्या खायला आधीपासून हजर असतात, त्यांना कोणी बरणीतून आणावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना बरणी दाखवूनच पटते. एकदा नराशी संग झाला की मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि नर नसतानाही काही महिने पिल्लं देत राहते. म्हणजे 'एकच तर मासा आहे' म्हणून सोडलेली मादी ही अख्खी वसाहत असू शकते. आमच्या बरणीत दुसऱ्या सकाळी सात पिल्लं फिरत होती. एका मुलाने प्रॅक्टिकल संपल्यावर बरणी सिंकमध्ये रिकामी करायला उचलली. सिंकची नळी मागच्या नाल्यात जाते, नाला मुठेत. बरणी परत टेबलावर आली आणि चिठ्ठी बदलली: 'गंबुशिया १३, गप्पी ९, पिल्लं ७, ओतू नये.'