गर्भारपणातील विशेष सोनोग्राफी

गर्भारपणातील विशेष सोनोग्राफी : श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने गर्भाचे वय, अवयवांची रचना, वाढ आणि रक्ताभिसरण यांची ठरावीक आठवड्यांत केली जाणारी तपशीलवार तपासणी. गर्भाचे ठोके आहेत का, गर्भ एक आहे की जुळा, वार कोठे आहे, एवढे पाहून संपणाऱ्या नेहमीच्या सोनोग्राफीहून ती वेगळी आहे. यंत्र बहुधा तेच असते. मात्र येथे नेमलेल्या छेदांतील (गर्भाच्या ठरावीक उभ्या-आडव्या पातळ्यांतील) नेमलेली चित्रे मिळवावी लागतात, मोजमापे ठरलेल्या रीतीनेच घ्यावी लागतात आणि त्यांचा अर्थ लावणाऱ्या डॉक्टरला या कामाचे खास प्रशिक्षण असावे लागते. मानेमागील द्रवाची जाडी मोजणारा एनटी स्कॅन, अवयवांतील व्यंग शोधणारा एनॉमली स्कॅन, गर्भाच्या हृदयाची टूडी इको, वाढीची सोनोग्राफी आणि रक्तप्रवाह दाखवणारा कलर डॉप्लर या तिच्यातील प्रमुख तपासण्या होत. बाळाच्या चेहऱ्याचे थ्रीडी चित्र घरच्यांना आवडते, परंतु निदानात त्याचा वाटा थोडाच असतो. तपासणी योग्य आठवड्यात झाली का आणि ती कोणी केली, यावर तिचा उपयोग ठरतो.

नाशिक शहरात शरणपूर रोड, कॉलेज रोड, गंगापूर रोड, मुंबई नाका आणि नाशिक रोड या भागांत खासगी सोनोग्राफी केंद्रे आहेत. जिल्हा शासकीय रुग्णालय, महानगरपालिकेची रुग्णालये आणि आडगाव येथील डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय येथेही गर्भवतींची तपासणी होते. जिल्ह्याचे १५ तालुके मात्र या बाबतीत सारखे नाहीत. शहरातील गर्भवतीला एनटी स्कॅन ठाऊक असतो, तर सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वरच्या पाड्यावरील बाईची पहिली सोनोग्राफी पुष्कळदा पाचवा महिना उलटल्यावरच होते.

तत्त्व : प्रोबमधील (पोटावर फिरवायच्या तपासणी-उपकरणातील) दाबविद्युत् स्फटिकाला विजेचा स्पंद मिळाला की तो कंप पावतो, ध्वनिलहरी सोडतो आणि परतलेल्या प्रतिध्वनीचे पुन्हा विजेत रूपांतर करतो. स्फटिकांचा हा गुण झाक व प्येअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरला जातो व प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. हाडे पांढरी आणि गर्भजल काळे दिसते. पोटावरून तपासताना साधारणतः २ ते ५ मेगाहर्ट्झ, तर योनिमार्गातून तपासताना त्याहून अधिक वारंवारतेच्या लहरी वापरतात. वारंवारता वाढली की चित्र बारकाईचे मिळते, पण लहरी खोलवर पोहोचत नाहीत. त्यामुळे आईच्या पोटावर चरबी जास्त असेल तर उत्तम यंत्रावरही चित्र धूसर येते. या तपासणीत क्ष-किरणांसारखे आयनकारी प्रारण नसते. तरीही ऊर्जेने ऊतींचे तापमान किंचित वाढू शकते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत डॉप्लर कारणाशिवाय लावत नाहीत आणि ठोके साध्या पद्धतीनेच मोजतात.

इतिहास : ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी धातूंमधील भेगा शोधण्याचे औद्योगिक उपकरण पोटातील गाठी तपासण्यासाठी वापरून पाहिले. अभियंता टॉम ब्राउन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकर यांच्यासह त्यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या निबंधात गर्भाची चित्रे होती. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील किप्रोस निकोलायडिस व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी आणि गुणसूत्रदोष यांचा संबंध मांडला. एनटी स्कॅन त्यातूनच आला.

वयनिश्चिती : पुढच्या सर्व तपासण्यांचा पाया पहिल्या तिमाहीत घातला जातो. डोक्यापासून ढुंगणापर्यंतची गर्भाची लांबी मोजून वय सांगितले तर ते साधारणतः ५ ते ७ दिवसांच्या फरकाने बरोबर येते. दिवस जातात तशी ही अचूकता घटते आणि शेवटच्या तिमाहीत चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. पाळीची तारीख सणावरून सांगण्याची रीत ग्रामीण भागात अजून आहे. ‘पोळ्याच्या आधी आली होती’ एवढ्यावर प्रसूतीची तारीख काढायची तर पहिल्या सोनोग्राफीचाच आधार घ्यावा लागतो.

एकदा अशी ठरलेली तारीख पुढे बदलायची नसते. यंत्र मात्र दर वेळी त्या दिवशीच्या मोजमापांवरून नवे वय आणि नवी तारीख छापते, आणि घोटाळा येथेच होतो. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून मुलगी नाशिकहून येवल्याला किंवा मालेगावला माहेरी जाते, फाइल सासरी राहते आणि तेथील सोनोग्राफीत ३२ आठवड्यांचे बाळ मापाने २९ आठवड्यांचे भरते. जुना रिपोर्ट समोर असेल तर डॉक्टर ‘वाढ खुंटली आहे’ असे म्हणून त्याच दिवशी डॉप्लर करतात. नसेल तर ‘तारीख पुढे गेली’ असे घरात ठरते आणि ज्या बाळाकडे तातडीने पाहायला हवे ते तीन आठवडे तसेच राहते. पहिल्या सोनोग्राफीचा कागद प्रसूतीपर्यंत बाईजवळ असावा, असा डॉक्टरांचा आग्रह असतो तो याचसाठी.

एनटी स्कॅन : ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, म्हणजे गर्भाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना हा करतात. गर्भ बाजूने, अगदी मध्यरेषेत दिसला पाहिजे, मान वर ताणलेली किंवा छातीत खुपसलेली नको आणि डोके व छातीचा वरचा भाग पडदाभर मोठा करून मानेमागच्या काळ्या पट्टीची सर्वाधिक रुंदी मोजली पाहिजे. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शानेही जोखमीचा आकडा हलतो. बाळ पालथे असेल तर बाईला खोकायला, कुशीवर वळायला किंवा थोडे फिरून यायला सांगतात. रांगेतील नातेवाइकांना ही दिरंगाई वाटते. जाडी ३.५ मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर गुणसूत्रदोषांबरोबर हृदयदोषाचीही शंका घेतली जाते.

एनटी, आईचे वय आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी एकत्र धरल्यास डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्रदोष) असलेल्या दर १० गर्भांपैकी सुमारे ९ संशयित म्हणून निवडले जातात. त्यासाठी सुमारे ५ टक्के निरोगी गर्भवतींनाही पुढच्या तपासणीची सूचना मिळते. हे निदान नव्हे. ‘२५० मध्ये १’ असा आकडा आल्यास त्याचा अर्थ तशा २५० गर्भवतींपैकी २४९ जणींच्या बाळांना तो दोष नसतो असा होतो, आणि हे समजावून सांगण्यात डॉक्टरांचा बराच वेळ जातो. खात्रीसाठी ११ ते १४ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल सोनोग्राफीच्या देखरेखीखाली सुईने काढून तपासतात. जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही याच मार्गाने गर्भावस्थेत ओळखता येतो. पडद्यावरच्या चित्रात तो दिसत नाही.

याच भेटीत कवटीचा वरचा भाग न बनणे यासारखे घोर दोष दिसतात आणि गर्भाशयाच्या धमन्यांचे डॉप्लर करता येते. त्यावरून आणि रक्तदाबावरून आईला पुढे प्री-एक्लॅम्प्सिया (गर्भारपणातील वाढत्या रक्तदाबाचा आजार) होण्याची शक्यता अधिक वाटल्यास १६ आठवड्यांच्या आत अल्प मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात. विशेष सोनोग्राफीत आईला थेट लाभ देणारी याहून स्वस्त गोष्ट क्वचितच असेल. अडचण मुदतीची आहे. पेठ-सुरगाण्याची कुटुंबे द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला येतात. गावची आशाताई एका ठिकाणी आणि बाई दुसऱ्या ठिकाणी, अशा स्थितीत तीन आठवड्यांची ही खिडकी निघून जाते.

एनॉमली स्कॅन : पाचव्या महिन्याची सोनोग्राफी म्हणून ही सर्वांत परिचित आहे. १८ ते २२ आठवड्यांत गर्भ पुरेसा मोठा, हाडे अजून फार कठीण न झालेली आणि भोवती पाणी भरपूर, असा मेळ बसतो. मेंदूतील पोकळ्या व लहान मेंदू, चेहरा, कणा, फुप्फुसे, हृदय, पोटाची भिंत, मूत्रपिंडे, हातपाय, वार आणि नाळ अशी क्रमाने पाहणी होते; तिला २० ते ४० मिनिटे लागतात. मणक्यातील फट कधी कधी प्रत्यक्ष दिसण्याआधी डोक्यातच ओळखू येते, कारण तेथे लहान मेंदू मागे खेचला जाऊन केळ्यासारखा वाकतो.

दुभंगलेला ओठ समोरच्या छेदात बहुधा दिसतो, पण केवळ टाळू दुभंगलेली असेल तर ती सहज निसटते. ग्रहणात गर्भवतीने विळी-सुरी धरली की बाळाचा ओठ फाटतो ही समजूत अजून घट्ट आहे आणि असा रिपोर्ट आल्यावर दोष हटकून सुनेवर येतो. ओठाचे भाग जुळण्याची क्रिया गर्भारपणाच्या पहिल्या दहा आठवड्यांतच आटोपते, त्यामुळे त्यानंतर पडलेल्या ग्रहणाचा तिच्याशी संबंध जोडणे कालगणनेतही बसत नाही.

हृदयातील दोष दर हजार जिवंत जन्मांत सुमारे ८ बाळांना असतात. चार कप्पे दिसले म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. बाहेर जाणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडतात का, हेही पाहावे लागते. आईला आधीपासून मधुमेह असेल, आधीच्या मुलाला हृदयदोष असेल किंवा एनटी वाढलेली असेल, तर १८ ते २४ आठवड्यांत टूडी इको स्वतंत्रपणे करतात. याउलट ‘हृदयात पांढरा ठिपका’ हा रिपोर्टमधील शब्दप्रयोग घरादाराची झोप उडवतो, पण बाकी सर्व ठीक असल्यास तो सहसा निरुपद्रवी असतो. सर्व पाहूनही काही दोष दिसत नाहीत, काही नंतर उद्भवतात. म्हणून रिपोर्टच्या तळाशी तपासणीच्या मर्यादा छापलेल्या असतात.

वाढ, पाणी व डॉप्लर : २८ आठवड्यांनंतर डोके, पोटाचा घेर आणि मांडीचे हाड मोजून वजनाचा अंदाज काढतात. त्यात १० ते १५ टक्के इकडे-तिकडे होतेच. म्हणून एका आकड्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजमापांतील फरक अधिक बोलका असतो. ‘पाणी कमी आहे’ हे निदान चार भागांतील गर्भजलाची बेरीज ५ सेंटिमीटरच्या खाली आल्यास करतात. ‘नाळ गळ्यात आहे’ हे ऐकून सिझेरियनची मागणी होते, पण असे वेढे पुष्कळ बाळांना असतात आणि एरवी प्रसूती सुखरूप होते. नाळेच्या धमनीत हृदयाच्या विश्रांतीच्या क्षणी रक्तप्रवाह थांबणे किंवा उलटा होणे ही मात्र धोक्याची खरी खूण आहे.

गर्भाशयाच्या मुखाची लांबी योनिमार्गातून मोजतात. मधल्या तिमाहीत ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरल्यास अकाली प्रसूतीची शक्यता वाढते आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक किंवा मुखाला टाका यांचा विचार होतो. वार खाली असेल आणि आधी सिझेरियन झालेले असेल, तर ती जुन्या टाक्यात रुतली आहे का हे शोधणे आईच्या जिवाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठरते. जुळ्यांत वार एक की दोन हे पहिल्या तिमाहीतच नीट कळते; एक वार असेल तर १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी तपासणी करतात, कारण एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागण्याचा धोका असतो.

कायदा : गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ च्या दुरुस्तीने त्यात गर्भधारणापूर्व लिंगनिवडही आली. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा स्थानिक भाषेतील फलक, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद असलेला एफ फॉर्म आणि त्या नोंदी किमान दोन वर्षे जपणे बंधनकारक आहे. शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने लिंग सांगणे हा गुन्हा असून पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गर्भवतीवर मात्र घरच्यांनी सक्ती केली असे कायदा गृहीत धरतो. एफ फॉर्ममधील उणिवा म्हणजे निव्वळ कारकुनी चुका नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. या कागदपत्रांबद्दल डॉक्टरांची कुरकूर असते, पण महाराष्ट्रातील सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचे प्रमाण दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होते, हे विसरता येत नाही.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने निर्णय घेता येतो. पूर्वी २० आठवड्यांच्या मर्यादेमुळे एनॉमली स्कॅन १८ व्या आठवड्यातच उरकण्याची घाई होई, ती यामुळे ओसरली.

खर्च व पुढील उपचार : शासकीय रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आवश्यक तपासण्या विनामूल्य आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींना डॉक्टर तपासतात. खासगी केंद्रात एनटी, डबल मार्कर, एनॉमली आणि इको असा पूर्ण क्रम पाळणे शेतमजुराच्या कुटुंबाला जड जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २४ आठवड्यांपूर्वी निदान एक सोनोग्राफी सुचवली आहे. एकच परवडत असेल आणि बाई चौथ्या महिन्यानंतर आली असेल, तर १८ ते २० आठवड्यांतील एनॉमली स्कॅनला पसंती देणे व्यवहार्य ठरते, कारण तेव्हा वयाचा अंदाजही बऱ्यापैकी येतो.

दोष सापडल्यावर प्रसूती कोठे करायची हा प्रश्न उभा राहतो. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळाला जन्मतःच एक नैसर्गिक जोडवाहिनी उघडी ठेवणारे औषध शिरेतून द्यावे लागते आणि काही आठवड्यांत शस्त्रक्रिया करावी लागते. जुळ्यांच्या एका वारेवरील लेझर उपचारही मोजक्याच केंद्रांत होतात. अशा गर्भवतींना नाशिकहून बहुधा मुंबईला पाठवतात. कसारा घाटातून नवजात बाळाला ऑक्सिजनवर नेण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच तिला नेणे सुरक्षित असते, आणि त्यासाठी दोष आधी कळलेला असावा लागतो.