मुंबईला काढलेले फोटो छापायला आणताय ना, मग आधी हे वाचून घ्या

फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या काउंटरवर एकाच शहराचे फोटो सगळ्यात जास्त येऊन राहिलेत, मुंबईचे. कोणाचा पोरगा तिकडे नोकरीला, कोणी लग्नाला गेलं, कोणी विदर्भ एक्स्प्रेसनं चार दिवस फिरून आलं आणि समुद्र, होड्या, कोळीवाडा, विक्रोळीच्या हायवेवरची ती गुलाबी झाडं, पक्षी, सगळं मोबाइलमध्ये भरून आणलं. फोटो खरंच चांगले असतात, आपल्या लोकांची नजर चांगली आहे. पण कागदावर उतरले की दर आठवड्याला तोच प्रश्न, "भाऊ, मोबाइलवर तं झकास दिसते, मंग प्रिंटमधी काहून फाटला?" मशीनची चूक नसते आणि कागदाचीही नसते. फोटो आमच्याकडे व्हॉट्सॲपवरून आलेला असतो, आणि तोही साध्या पद्धतीनं.

साधा पाठवला की व्हॉट्सॲप फोटो लहान करून टाकते, नेट कमी लागावं म्हणून. साधारण मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा (पिक्सेल म्हणतात ते), म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. व्हॉट्सॲपवरून निघाला की साधारण १६०० बाय १२०० उरतो, १९ लाख २० हजार. म्हणजे शंभरातले सोळा ठिपके आमच्यापर्यंत पोचले, बाकीचे वाटेतच गेले. चार बाय सहा इंचाच्या प्रिंटला ते पुरून जाते, तेवढ्यात फरक कळत नाही, म्हणून लोकांना वाटते की मोठा पण असाच निघेल. बारा बाय अठरा म्हटलं की इंचाला नव्वद ठिपकेही येत नाहीत, आणि नीट दिसायला निदान दोनशे लागतात. ओरिजिनल असेल तर त्याच मोबाइलचा तोच फोटो इंचाला सव्वादोनशेच्या जवळ जातो आणि भिंतीवर मस्त दिसतो.

मागच्या वर्षी एक गुरुजी आले, शाळेच्या हॉलमध्ये लावायला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा मोठा फोटो पाहिजे होता. ऐरोलीच्या खाडीत बोटीतून काढलेला, ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. फोटो भाच्यानं काढला, त्यानं बहिणीला पाठवला, बहिणीनं गुरुजींना, गुरुजींनी आम्हाला. स्क्रीनवर मोठा केला तर पक्षी म्हणजे गुलाबी डाग, पाय पाण्यात विरघळलेले, चोच कुठे संपते ते कळेना. मी म्हटलं गुरुजी, हा छापत नाही, भाच्याला फोन लावा. गुरुजींना राग आला, एवढ्या दुरून एसटीनं आले होते, साहजिक आहे. भाच्यानं तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला आणि दोघंही पाहतच राहिलो. वाकडी गडद चोच, डोळ्यातला लाल ठिपका, पायाखाली चिखलात उमटलेल्या खुणासुद्धा. तो आज शाळेत लागलेला आहे. नशीब भाच्यानं मोबाइलमधून उडवला नव्हता. पुष्कळ लोक मेमरी भरली म्हणून ओरिजिनल डिलीट करतात, "व्हॉट्सॲपवर हाय ना" म्हणतात, आणि मग आमच्या हातात काहीच राहत नाही.

म्हणून पाठवायचा असेल तर चॅटमध्ये पेपरक्लिप किंवा अधिकचं चिन्ह दाबा, फोटो किंवा गॅलरी न निवडता डॉक्युमेंट निवडा, तिथून फोटो टाका. एचडी बटणानं थोडं बरं येते पण तो ओरिजिनल नाही. स्टेटसचा स्क्रीनशॉट तर आणूच नका. फाइलच्या नावात डब्ल्यूए अशी अक्षरं दिसली की तो व्हॉट्सॲपवरून आलेला समजा, आणि साइज पाहा, ओरिजिनल तीन-चार एमबीचा असतो, हा दोन-तीनशे केबीचा. सगळ्यात सोपं म्हणजे मोबाइलच घेऊन या, आमच्याकडे केबल आहे, मोबाइललाच लागणारा ओटीजी पेनड्राइव्ह आहे, फोटो उतरवायचे पैसे आम्ही घेत नाही. आयफोनची फाइल उघडत नाही म्हणून घाबरू नका, ते आम्ही बदलून घेतो. ओरिजिनलचा अजून एक फायदा, त्यात तारीख-वेळ राहते, अल्बम आपोआप क्रमानं लागतो, नाहीतर समुद्रावरची संध्याकाळ आधी आणि त्याच दिवसाची सकाळ मागून असा घोळ सोडवत आमचा अख्खा दिवस जातो.

काही जण म्हणतात ॲपनं साफ करून द्या. विचारलं तर करून देतो, पण सांगून ठेवतो की ॲप फोटोत नसलेली गोष्ट आपल्या मनानं भरते. कोळीण मावशीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून तिथं प्लास्टिकसारखी कातडी येते, आणि तोच चेहरा तर तुम्ही मनापासून टिपलेला असतो. म्हणून न विचारता आम्ही हात लावत नाही. मोठ्या प्रिंटचे अर्धे पैसे आधी घेतो तेही याचसाठी, लॅबमध्ये एकदा कागद गेला की परत येत नाही.

आता जाणार असाल तर थोडं काढण्याबद्दल. मुंबईत सूर्य आपल्या विदर्भापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा उगवते, घड्याळ बघून फार लवकर जाऊन बसू नका. गेटवे आणि ससून डॉक (१८७५ सालचा आहे तो) पूर्वेकडच्या पाण्यावर आहेत, उगवता सूर्य तिथं. मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव चौपाटी पश्चिमेला, मावळता तिथं. शिवडीला रोहित पक्षी उतरतात त्या खाडीच्या चिखलाकडे पाहताना तोंड पूर्वेला होते, म्हणून सकाळी पक्षी काळे येतात, दुपारनंतर जा, सूर्य पाठीशी राहते आणि गुलाबी रंग निघते. भरतीची वेळ आधी पाहून घ्या, पाणी चढते तसे पक्षी काठाकडे सरकतात, आणि ती वेळ रोज पाऊणएक तास पुढे जाते. मोबाइलचा झूम ओढून ओढून पक्षी जवळ आणू नका, त्यानेही ठिपकेच जातात.

डॉकवर किंवा कोळीवाड्यात पहाटे लिलाव चालू असतो, तेव्हा आधी "मावशी, फोटो काढू का" विचारा, नाही म्हटलं तर ठेवून द्या. टोपलीतल्या बर्फावरचे बोंबील, हातातल्या बांगड्या, ओल्या दोरीचं वेटोळं हे जवळून घ्या, तेच प्रिंटमध्ये सगळ्यात सुंदर उतरते. एसी रूममधून बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते, पाच मिनिटं थांबा, आणि खाऱ्या हवेची चिकट जागा मऊ सुती कापडानं पुसा.

एक साइजचं. मोबाइलचा फोटो चारास तीन असतो आणि बारा बाय अठराचा कागद तीनास दोन, म्हणून आडव्या फोटोत वरून-खालून मिळून दीड इंच कटते. डोक्याच्या वर आणि पायाखाली जागा सोडून काढा. कापायचंच नसेल तर सहा बाय आठ घ्या, त्यात पूर्ण बसतो.

आणि पळसाचा फोटो काढायला तेवढ्या दूर जायची गरज नाही, सध्या आपल्याच धुऱ्यावर फुलला आहे, सकाळी सात वाजता जा. त्याचा आणि समुद्राचा फोटो एका फ्रेममध्ये शेजारी लावून पाहिजे असेल तर तशी जोडफ्रेम आम्ही बनवतो, नमुना दुकानात लावलेला आहे. पहिल्या मोठ्या प्रिंटच्या आधी चार बाय सहाची टेस्ट प्रिंट फुकट देतो, त्याच्यात त्या मोठ्या फोटोचाच एक तुकडा खऱ्या साइजमध्ये असतो, घरी नेऊन उजेडात पाहा, मग हो म्हणा. तोपर्यंत मोबाइलमधला ओरिजिनल डिलीट करू नका. पाडव्याला प्रिंट हातात पाहिजे असेल तर आठ दिवस आधी या, त्या आठवड्यात लग्नाचे अल्बमही लॅबला जातात.